नळ यायच्या आधी

बोल्लींच्या गच्चीवर हॅलोजन.
विनवून झालं, चहा पाजून झाला,
ते म्हणतात, चोर आले तर तुम्ही बघणार का?
म्हणून मागच्या अंगणात दोरीवर चादर टाकतो,
माझ्याच मागावरची, रद्दीत निघालेली,
मोराच्या मानेत तीन धागे तुटलेत.
तिथून उजेडाचा एक ठिपका आत शिरतो.
पहिल्या रात्री मी त्याचंही नाव
नकाशात शोधत बसलो होतो.

दुर्बिणीची नळी म्हणजे बोअरचा केसिंग पाइप,
तीनशे फुटांवर नुसता धुरळा लागला, तो.
बुडाशी सागवान, भंगारात गेलेल्या मागाचं.
आरसा सहा इंची. चार महिने घासला,
काचेवर काच, काचेवर काच.
नागमणी म्हणायची, त्यापेक्षा शेंगा कुटा,
चटणी तरी होईल.

मार्चची फरशी रात्री दहालाही तळवे भाजते.
आरसा निवेस्तोवर थांबावं लागतं,
तापल्या आरशात तारे उकळतात.
तेवढ्यात मृग, पोटातल्या धुरकट ढगासकट,
बोल्लींच्या टाकीमागं उतरून जातो.
जाऊ दे. तो सगळ्यांनाच दिसतो.

हस्ताच्या जरा वर, चित्रेच्या अलीकडे
एक दीर्घिका आहे.
सरळ पाहिलं तर तिथं काहीच नसतं.
नजर थोडी बाजूला टाकायची,
मुलगी बघायला गेलो होतो तशी:
सासरे समोर, आणि मी
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत
तिला बघत होतो.
चोवीसशे धाग्यांच्या ताण्यात तुटलेला एक
असाच कडेच्या नजरेत यायचा.
डोळे फाडून बघणाऱ्या पोरांना
तो कधी सापडला नाही.

मग येते ती. राखेची रेघ,
मधोमध काळी चीर.
तीन कोटी वर्षं चालत आलेला उजेड,
आणि शेवटी लागला कुणाच्या डोळ्याला,
तर ज्याचा मोतीबिंदू
पुढच्या महिन्यात काढायचाय.

दोनच्या पुढं नळी दक्षिणेला वळवली.
होटगीच्या बाजूला, क्षितिजापासून सव्वा वीत,
नरतुरंगातला तो मोठा गुच्छ.
वर्षातून दहा-बारा रात्रीच धड मिळतो.
श्वास रोखून फोकस लावतोय,
कडेचे दाणे सुटे होऊ लागलेत,
आणि बोळातून इरव्वाची हाक:
नळ आलाऽऽ!

पाचव्या दिवशीचं पाणी.
घरोघर ट्यूबलाइट, मोटारींची घरघर,
बादल्या, घागरी, कुणाचं तरी पोर रडतंय.
तासभर जपलेला डोळ्यातला अंधार
एका झटक्यात पांढरा झाला.

नागमणी पदर खोचून पाइप ओढत आली.
म्हटलं, बघ लवकर, सरकतोय.
एका हातात पाइप, पिंपात सोडलेला,
एक डोळा मिटून ती वाकली.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, चाळणीखाली तंबाखूची चूर पडते, तसं.
किती असतील?
म्हटलं, एक कोटी.

ती डोळा न काढता हिशेब करत होती.
ओठ हलत होते, तेलुगूत.
दिवसाला हजार विड्या. म्हणजे दहा हजार दिवस.
सत्तावीस वर्षं आणि वर थोडे महिने.
माझी एकतीस झाली, म्हणाली.
एवढ्या तर माझ्या वळून झाल्या की.

आणि तशीच वाकून राहिली,
गुच्छ निघून चालला तशी
बोटानं नळी हळूच ढकलत,
कुणी न शिकवता.

मी तिच्या हाताकडे बघत होतो. सरळ.

वरून बोल्ली ओरडले,
ओ जॉबर, पिंप भरून वाहतंय!